विष उंबऱ्याच्या आत कसं येतं?



म्हसवड-धुळदेवकडच्या माळावर औद्योगिक वसाहत होणार, ही चर्चा आता प्रत्येक गटात आहे. कुणाला पोरांच्या नोकरीची आशा वाटते, कुणाला जमिनीची काळजी. पण एक वाक्य आम्हाला जवळपास सगळ्याच बैठकांमध्ये ऐकायला मिळतं: "आता आपल्याकडं पण प्रदूषण येणार." कारखाने येतील तेव्हा त्यांच्या धुराबद्दल आणि पाण्याबद्दल ग्रामसभेत प्रश्न विचारायचेच आहेत. त्यावर वेगळा कार्यक्रम करू. आज बोलायचं आहे ते आधीच आलेल्या प्रदूषणाबद्दल. ते चिमणीतून येत नाही. ते चुलीतून, बंबातून, फवारणीच्या कपड्यांतून आणि कधी कधी मसाल्याच्या डब्यातूनही येतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विष कुठं तरी असतं, तिथून ते वाट काढतं आणि मग अंगात शिरतं. अंगात शिरायला दारं तीनच: नाक, तोंड आणि कातडी. पोटातल्या बाळाला चौथं दार असतं, आईची नाळ. विष जिथं तयार होतं ते आपल्या हातात नसेलही, पण वाट बऱ्याचदा आपल्या घरातून जाते आणि ती अडवता येते. दुसरं असं, की एखाद्या दिवशी जरा धूर गेला म्हणून कुणी आजारी पडत नाही. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं जातं त्याचा हिशोब शरीर ठेवतं. बचत गटातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. महिन्याचे शंभर रुपये दहा वर्षांनी किती होतात ते आपल्याला माहीत आहे.

सगळ्यात मोठा हिशोब चुलीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 साली घरातल्या इंधनाच्या धुरामुळं जगात सुमारे 32 लाख माणसं गेली, त्यात दोन लाखांहून जास्त मुलं पाच वर्षांच्या आतली. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख लिहिला होता. दम्यासारखा दिसणारा, पण बरा न होणारा फुफ्फुसाचा एक आजार आहे, सीओपीडी. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार समजला जायचा. त्या लेखात दाखवलं होतं, की जगात ओढणारे साधारण 100 कोटी, पण लाकूड, शेणी, कोळसा यांच्या धुरात राहणारे साधारण 300 कोटी. म्हणजे आयुष्यात विडीला हात न लावलेली आपली सासूबाई धापा टाकते, त्याचं कारण वय एवढंच नसतं.

धुरात असतं काय? डोळ्याला झोंबतो तो भाग आपल्याला कळतो. न दिसणारा भाग जास्त वाईट. धुरातले सगळ्यात बारीक कण आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, काही रक्तात उतरतात. म्हणून धुराचा त्रास नुसत्या खोकल्यावर थांबत नाही. हृदयाचे आजार, मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, लहान मुलांचा न्यूमोनिया, या सगळ्यांशी त्याचा संबंध सापडला आहे.

आता कुणी म्हणेल, मग गॅस घ्या की. 2016 साली उज्ज्वला योजना आली, आपल्या बऱ्याच घरांत शेगडी आली. पण सिलिंडर संपला की पुढचा भरायला पैसे लागतात, आणि वेडी बाभूळ बांधावर फुकट असते. शिवाय भाकरी चुलीवरचीच लागते. हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळं चूल बंद करा असा उपदेश इथं करणार नाही. पण अर्धी-अर्धी वाटणी करता येते. सकाळचा चहा, दूध, भाजी, डाळ गॅसवर आणि भाकरी चुलीवर, एवढं केलं तरी धुरातला वेळ निम्म्यावर येतो. डाळ रात्री भिजत घातली आणि भांड्यावर झाकण ठेवलं तर गॅसही कमी जळतो. जळण ओलं असेल तर धूर दुप्पट, म्हणून पावसाळ्याआधी ते झाकून ठेवायचं. जाड ओंडका तसाच सारण्यापेक्षा फोडून बारीक करून घातला तर तो चांगला पेटतो. चूल पडवीत किंवा मागच्या अंगणात आडोशाला नेता आली तर सगळ्यात चांगलं. धुराडं असेल तर महिन्याला त्यातली काजळी झाडून काढा, नाही तर बिनधुराची चूलही धूरच करते. आणि झोळी चुलीच्या खोलीत बांधू नका. बाळ तिथं निजलेलं समोर दिसतं हे खरं, पण त्याचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो, म्हणून तेवढ्याच वेळात ते अंगाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त धूर आत घेतं.

याच संदर्भात बाळंतिणीच्या शेक-शेगडीबद्दल बोलायला हवं. आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवतात, त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी करतात. मागे यावर बोललो तेव्हा एका मावशींनी फोन करून आम्हाला चांगलंच सुनावलं, "आमची सात बाळंतपणं अशीच झाली." मावशींचा मान राखून सांगतो, ऊब चांगलीच आहे, धूर वाईट. बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जाऊ शकतं. आठ दिवसांच्या बाळाला काय होतंय हे सांगताही येत नाही. ऊब द्यायची तर गरम पाण्याची पिशवी आहे, शेकलेलं फडकं आहे, उन्हाची तिरीप आहे. निखारे वापरायचेच तर शेक झाल्यावर शेगडी बाहेर न्यायची आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवायची. रात्रभर तर शेगडी आत अजिबात नको. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपणाऱ्या सगळ्यांना हेच लागू आहे.

चुलीनंतर बंब. बंबात आपण काय वाटेल ते घालतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, तुटलेल्या चपला, दुधाच्या पिशव्या, सायकलच्या टायरचा तुकडा. पटकन पेट घेतो म्हणून टायरचा तुकडा चुलीतही जातो. लाकडाचा धूर वाईट आहेच, पण प्लॅस्टिकचा धूर ही वेगळीच जात आहे. काही प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं: पाइप, वायरीवरचं वेष्टण, रेक्झिन. ते कमी आचेवर जळलं की डायऑक्सिन नावाची विषं तयार होऊ शकतात. ती हवेत संपत नाहीत. कडब्यावर, गवतावर बसतात, जनावराच्या चरबीत साठतात आणि दुधा-तुपातून परत आपल्याकडं येतात. तीच राख आपण भांडी घासायला घेतो आणि परसातल्या मेथीवर टाकतो. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली, पण बंबात काय घातलं हे बघायला कुणी अधिकारी येणार नाही. ते घरच्या बाईनंच बघायचं. पेटवायला मक्याची सोललेली कणसं, वाळक्या काटक्या, नारळाची शेंडी पुरते. प्लॅस्टिक वेगळं पोत्यात भरा आणि भंगारवाल्याला द्या, चार पैसे येतील.

धुराचा विषय संपवण्याआधी डासांची कॉइल. एका अभ्यासात असं आढळलं होतं, की एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण सोडते. दार लावून, उशाशी कॉइल ठेवून झोपणं म्हणजे काय, ते यावरून समजा. मच्छरदाणी एकदाच घ्यावी लागते. आणि तव्यावर मिसरी भाजताना घरभर ठसका लागतो ना, तोही तंबाखूचाच धूर. मिसरीबद्दल बोलायला लागलो तर हा लेख पुरणार नाही.

आता रानाकडं जाऊ. आपल्या भाषेत एक घोळ आहे. आपण म्हणतो, "डाळिंबावर औषध मारलं." औषध म्हटलं की भीती जाते. गोचिडाचं औषध, उंदराचं औषध, धान्यात ठेवायचं औषध. ही सगळी विषं आहेत आणि तशीच हाताळायला हवीत. डब्यावर तिरपा चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. घरातल्या प्रत्येक बाईला हे चार रंग पाठ हवेत.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते अनेकींनी टीव्हीवर पाहिलं असेल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दोन-तीन विषं एकत्र कालवली जात होती, अंगावर साधा सदरा. बरीचशी विषबाधा कातडीतून आणि श्वासातून झाली, पिऊन नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं समज असा आहे, की तोंडात गेलं नाही म्हणजे काही होत नाही.

पंप पाठीवर बहुतेक पुरुषाच्या असतो. पण पाणी आणून देते ती बाई, औषध कालवायला हात लावते ती बाई, आणि संध्याकाळी ते कपडे धुते तीही बाई. फवारणीचे कपडे पोरांच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत भिजतात. वाट ती हीच. ते कपडे घराबाहेरच काढायचे, वेगळ्या बादलीत, हातात मोजे किंवा निदान पिशवी घालून, दोनदा धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. मालकांना सांगा, आंघोळ आधी, पोराला उचलणं नंतर. ऐकत नसतील तर पोराला तुम्ही उचला.

आपल्या भागातल्या कितीतरी बाया तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागांत मजुरीला जातात. विरळणीला, घड डिपिंगला, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायला. त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. ते हाताची कातडी सोलून काढतं, डोळ्यात गेलं तर मोठी इजा होते. त्या दिवसांत कुणी दारू प्यायलं तर चेहरा लाल होऊन छातीत धडधडतं, चक्कर येते. जोडीनं कामाला जात असाल तर नवऱ्याला हे आवर्जून सांगा. हातमोजे मागायला लाजू नका. टोळीची मुकादम गटातलीच असेल तर मजुरी ठरवतानाच मोजे, साबण आणि हात धुवायला पाणी ठरवून घ्या. काल फवारलेल्या बागेत आज सकाळी शिरायचं का, हेही विचारा. किती वेळानं आत जायचं ते डब्याच्या लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकावर बघायला सांगा.

इथं एक गोष्ट आम्हाला खटकते ती सांगतो. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, माल अडला. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी सुरू झाली, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर देखरेख करतं. चांगलंच झालं. पण परदेशी जाणाऱ्या घडाची एवढी तपासणी, आणि तो घड हातात धरणाऱ्या बाईच्या रक्ताची तपासणी कधी झाल्याचं आपल्यापैकी कुणाला आठवतंय का?

रिकामे डबे घरात आणायचे नाहीत. त्यात पाणी नको, रॉकेल नको, बियाणं नको. धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या नियमानं सर्वसामान्यांना विकायला परवानगीच नाही, तरी मिळतात. हवेतल्या ओलीनं त्यांतून विषारी वायू निघतो. ज्या खोलीत कणगी, त्याच खोलीत पोरं निजतात. उन्हात चांगलं वाळवलेलं धान्य आणि कडुलिंबाचा पाला यावर आपल्या आज्यांचं भागत होतं. कुणाला विषबाधा झालीच तर 108 ला फोन करा, कपडे काढून अंग साबणानं धुवा, ओकारी काढायला लावू नका, आणि डॉक्टरांना दाखवायला डबा बरोबर न्या. कोणतं विष ते कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

कपड्यावरून घरात येणारं दुसरं विष आपल्या भागाचं खास आहे. खानापूर-विटा, आटपाडी, माण-खटाव इथली किती तरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायला आपली माणसं केरळपासून दिल्लीपर्यंत गेली. पुष्कळदा खाली भट्टी आणि वर किंवा मागं संसार असतो. तेजाबातून तांबूस धूर निघतो. तो लागल्यावर लगेच काही वाटत नाही, पण काही तासांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते. काही ठिकाणी चांदी शुद्ध करताना शिसं वापरतात. तिकडं राहणाऱ्या लेकी-सुनांना सांगा: धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच, कामाचे कपडे खालीच, आणि रांगतं पोर भट्टीच्या खोलीत नाही.

शिशाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. शिसं अंगात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम बाळाकडं जातं, त्याबरोबर जुनं शिसंही जातं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. पोर मंद होतं, चिडचिडं होतं, अभ्यासात मागं पडतं, आणि आपण म्हणतो डोकंच नाही. युनिसेफनं 2020 साली सांगितलं, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याएवढं आहे. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. म्हणजे आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या, नाचणी, तीळ, दूध यांचा उपयोग इथंही आहे. घरात शिसं येतं ते जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतून, फोडलेल्या बॅटरीतून, विकतच्या काही सुरम्यांतून, भेसळीच्या कथलानं केलेल्या कल्हईतून. आणि काही वेळा हळदीतून.

आता हळद म्हटली की आपल्या पोटावर येतं, कारण आपल्यातले कितीतरी गट मसाला आणि हळद विकतात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती नावाजलेली आहे. पण देशात आणि शेजारी काही ठिकाणी हळकुंडाला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळल्याचं संशोधनात सापडलं आहे. त्यात शिसं असतं. बांगलादेशात 2019 साली बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत ते मिळालं. सरकारनं धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांतून आणि बाजारांतून लोकांना सांगितलं, आणि 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत. एवढं जुनं दुखणं इतक्या लवकर जातं, हे वाचून आम्हालाही नवल वाटलं.

आपण काय करायचं? तयार पावडर विकत आणून पुड्या भरायच्या नाहीत. हळकुंडं आणायची, तीही फार चकचकीत नकोत. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाका. लगेच भडक पिवळा रंग सुटला तर तो माल बाजूला ठेवा. पॉलिश करताना काही जण हळदीचीच पूड लावतात, त्यानंही रंग सुटू शकतो. म्हणून ही खात्री नव्हे, इशारा. खात्री प्रयोगशाळेतच होते. आपल्या देशात हळदीत किलोला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. एका गटाला तपासणीचा खर्च जड जातो, पण पाच-सहा गटांनी मिळून एकाच व्यापाऱ्याकडून माल घेतला तर एका नमुन्यात काम होतं, आणि तपासलेली हळद असं सांगून दोन रुपये जास्तही मागता येतात.

पाण्याचं थोडक्यात. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर घट्ट होतात. बोअरच्या पाण्यात लिटरला नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड दीडच्या वर नको. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला नायट्रेटचं पाणी फार वाईट. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आणि पेटी कुठं, हे ग्रामसेवकांना विचारा. काही ठिकाणी ती कपाटात सीलबंद पडलेली असते.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास काढा. प्रत्येकीनं आपल्या बंबात गेल्या आठवड्यात काय काय जळलं ते सांगायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही. फवारणीच्या मोज्यांची जोडी किती जणींच्या घरी आहे ते मोजा. ज्या गटांना हळद एकत्र तपासायची आहे त्यांनी मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथाआधी आम्हाला कळवा. रथावर उधळलेलं गुलालातलं खोबरं पोरं वेचून तसंच खातात, ते धुऊन द्या. गुलालाचा रंग कशाचा आहे यावर पुढच्या कार्यक्रमात बोलू.